काकीच्या खळ्यातला उजेड

आमच्या वाडीत वीज आली त्या वर्षीचं सांगायचं आहे. साल विचारू नका. सालं लक्षात ठेवणारी माणसं निराळी, मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. मला एवढंच आठवतं की त्या वर्षी काजू रगड लागला होता, माझी मिशी चांगली काळी झाली होती, आणि मला राजापूरकडची एक मुलगी बघायला न्यायचं घरात चाललं होतं. हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही नुसतं बोला, मोबाईल आपोआप लिहून घेतो. मी म्हटलं, नको. ज्या बाईनं मला लिहायला शिकवलं तिच्याबद्दल लिहायचं आहे, ते मोबाईलला कशाला सांगू?

आमचं घर म्हणजे खरं तर दोन घरं. वरच्या अंगाला आमचं, खालच्या अंगाला काकाचं. दोन्ही चिऱ्याची, दोन्ही कौलारू, आजोबांनी दोन मुलांना तोडून दिलेली. दोन्ही घरांपुढं आपापलं खळं, म्हणजे आमच्याकडचं अंगण, आणि मधे कमरेएवढा गडगा. गडगा नुसता दगडावर दगड रचलेला, ना माती ना चुना. त्याच्या मधोमध एक बेडं होतं. दोन दगडी खांब, खांबांना भोकं, भोकांतून आडवे सरकवलेले तीन बांबू. गुरांनी येऊ नये म्हणून बांबू, माणसानं बांबू सरकवून यायचं जायचं. पण आमचे बांबू कधी जागेवर नसतच. सकाळी विरजण मागायला आई खाली, दुपारी मिरच्या वाळवायला काकी वर, विस्तव विझला की मी पळीत निखारे घेऊन खालून वर. बांबू सरकवायचा आणि परत लावायचा त्रास कोण घेणार? ते गडग्याला टेकून उभे असत आणि त्यांच्यावर आईची लुगडी वाळत.

काकी देवरूखकडची. वरच्या डोंगरातली मुलगी, तिला मासा म्हणजे पऱ्ह्यातला, ओढ्यातला, बोटाएवढा तेवढा माहीत. लग्न होऊन आली तेव्हा बांगडा सात पाण्यांनी धुवायची. आई सगळ्या वाडीत सांगत सुटली, "आमची जाऊ बांगड्याला नाहाणं घालते गो, आता उटणं लावायची ऱ्हायलीय!" काकी पण काही कमी नव्हती. ती म्हणायची, "वैनी, तुमचा बांगडा तरी नाहतो. तुमचा दीर आठ आठ दिवस नाहत नाय, त्याचं काय करू सांगा." दोघी हसायच्या तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढं काकीच्या हाताला अशी चव आली की आमच्या घरी कालवण शिजत असलं तरी मी वाटी घेऊन बेड्यातून खाली जायचो. तिची कुळथाची पिठी, राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि त्याच दिवसांत हळदीच्या पानावर वाफवलेलं सांदण. तिला मूल नव्हतं. आमच्या घरी मी एकटाच. म्हणजे दोन घरांत मिळून एक पोर, आणि ते दोन्हीकडं जेवायचं.

शाळा मी का सोडली तेही इथंच सांगून टाकतो. मास्तर भर वर्गात म्हणाले, "तुझा बापूस अंगठा, तू पण अंगठाच राहणार." मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. आबांनी, म्हणजे वडलांनी, मारलं. आईनं गूळ खायला घालून समजावलं. मी गेलो नाही. मी असाच आहे. माझा हट्ट मोडेल असं माणूस जन्मलं नाही, असं मी आजवर छाती काढून सांगत आलो. या प्रकरणाच्या शेवटी ते मी सांगेन की नाही माहीत नाही.

काकी सातवी शिकलेली होती. ती मला काही बोलली नाही. तिन्हीसांजा मी खाली गेलो की ती चुलीतली राख पुढं ओढायची, हातानं सपाट करायची आणि म्हणायची, "काढ." राखेत बोटानं अक्षर काढायचं. चुकलं की फुंकर मारायची, गेलं. "पाटी पुसायला पाणी लागतं," ती म्हणायची, "राखेला फुंकर पुरते. किती पण चूक. राखेला राग येत नाय." असं करत मी वाचायला लागलो, लिहायला लागलो. एक 'ह' तेवढा मला वर्षानुवर्षं जमला नाही. त्याचं शेपूट कुठं वळवायचं कळायचंच नाही. काकी बघायची आणि हसायची. "हा बघ, वश्याचा ह! वाकून पाणी पिणारा बैल!"

तर वीज यायची ठरली. पाखाडीत, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या आमच्या वाटेत, आमच्या वरच्या कोपऱ्याला खांबासाठी खड्डा खणला आणि माणसं निघून गेली. खांब नंतर येणार होता. आणि मधेच शिमगा आला.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. कुणाच्या खळ्यात आधी, कुणाच्या नंतर, हे ठरलेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या दोन घरांत पहिला मान वरच्या घराचा, थोरल्याचा. आबा सकाळपासून पांढरं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे. आईनं खळं दोनदा सारवलेलं. ढोल वाजत वाजत पाखाडीनं वर यायला लागला, जवळ आला, आणि मग एकदम बाजूला गेला. मला ते अजून आठवतं. ढोल चुकीच्या बाजूनं ऐकू यायला लागला. वाटेत खड्डा होता. खांदेकरी म्हणाले, इथनं पालखी तिरकी होईल, आणि खालच्या पाणंदीनं वळले. खालून आलं की आधी काकाचं खळं लागतं.

मी बेड्यात उभा राहून बघत होतो. काका दोन्ही हात जोडून खांदेकऱ्यांना म्हणत होता, "अरे, आधी दादाकडं न्या. मी मागनं बघतो." त्यातला एक म्हातारा खांदेकरी घामानं निथळत होता. तो म्हणाला, "खांद्यावर तुझा दादा नाय, देवी आहे. टेकवू दे." पालखी टेकली. काकीची काही तयारी नव्हती, कारण पालखी वरून खाली यायची म्हणजे अजून घटकाभर वेळ होता. तिच्या हाताला पीठ लागलेलं. धावत आत गेली आणि मूठभर तांदूळ आणि एक सुपारी, एवढ्यावर देवीची ओटी भरली. मी हे डोळ्यांनी बघितलं. आबांनी बघितलं नाही. ते वरच्या पायरीवर नारळ घेऊन उभे होते आणि त्यांना फक्त ढोल ऐकू येत होता.

पालखी नंतर आमच्याकडं आली. आबांनी सगळं रीतसर केलं. नारळ दिला, डोकं टेकलं, प्रसाद वाटला. पालखी गेल्यावर त्यांनी गडग्याला टेकलेले तिन्ही बांबू उचलले, त्यांच्यावरची लुगडी आईच्या अंगावर टाकली, आणि एकेक बांबू बेड्याच्या भोकांत सरकवला. वरून काथ्यानं बांधला. गाठ मारताना म्हणाले, "खालच्यांना मोठं व्हायचंय. होऊ दे."

आता यावर हसायला येईल कुणाला. एवढ्याशा गोष्टीवरून? पण मला सांगा, भांडण कधी मोठ्या गोष्टीवरून होतं? मोठ्या गोष्टीला माणसं एकत्र येतात. घर पडलं, कुणी मेलं, पूर आला, की धावतात. भांडण होतं ते आधी कोण आणि नंतर कोण यावरून.

पंधरा दिवसांत खांब उभा राहिला. वायरमन आला, वर बघत, खाली बघत, बोटानं हवेत रेघा मारत. आमच्या घराला तार सरळ येत होती. काकाच्या घराला न्यायची तर ती आमच्या खळ्यावरून न्यायला लागत होती. दुसरी वाट नव्हती. तो आबांना म्हणाला, "तुमची काही हरकत नाही ना? नाहीतर तिकडं दुसरा खांब लागेल, आणि तो वरच्या ऑफिसातून मंजूर व्हायला हवा. तो काय लवकर व्हायचा नाही."

"माझ्या खळ्यावरून तार जायची नाय," आबा म्हणाले.

"मग तसं लेखी द्या. मला कागद लागतो."

आबांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बाप कमावत्या मुलाकडं बघतो. म्हणाले, "वश्या, कागद घे. लिही."

मी लिहिलं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता. ज्याला मास्तरांनी अंगठा म्हटलं तो सरकारला कागद लिहीत होता. आमची सक्त हरकत आहे, असं लिहिलं. आबा एकेक शब्द सांगत होते आणि मी त्यात माझे शब्द घालत होतो. 'सक्त' माझा. खाली आबांनी अंगठा उठवला. वायरमन कागद बघून म्हणाला, "अक्षर झकास आहे हो तुमच्या मुलाचं." आबांनी त्याला शहाळं दिलं.

तो कागद त्यानं खाली जाऊन काकाला दाखवला. दाखवायलाच हवा होता, त्याचा तरी काय दोष. काका वाचून आत गेला. काकीनं कागद हातात घेतला आणि पडवीच्या कडेला, उजेडात नेऊन बघितला. वायरमन नंतर आईला सांगत होता, की बाईनं नुसतं विचारलं, "हा कोणी लिहिलान?" आणि उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कळलं."

विहीर दोन घरांची सामायिक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी ओढत होतो, काकी कळशी घेऊन आली. मी मान खाली घातली. मनात म्हटलं, आता शिव्या देईल, एक मुस्कटात देईल, बरं होईल. तिनं कळशी भरली, कमरेवर घेतली, आणि म्हणाली, "वश्या, 'हरकत'मधला ह चांगला आला रे. शेपूट एकदम सरळ." आणि गेली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच बरं वाटलं होतं. हेच मला आजतागायत सहन होत नाही.

आमच्याकडं दिवा लागला. दोन बल्ब मिळाले. एक ओटीवर लागला. दुसरा आईनं चुलीपाशी मागितला. आबा म्हणाले, "चुलीत जाळ असतो की, उजेड आणि कशाला?" आणि तो त्यांनी पडवीच्या बाहेरच्या खांबाला लावून घेतला, तोंड खालच्या घराकडं करून. आई धुरात चिमणी लावून भाकऱ्या थापायची आणि बाहेर कुणी नसलेल्या खळ्यात साठचा बल्ब जळायचा. तिन्हीसांजा लावायचा आणि जेवणं होईपर्यंत ठेवायचा. सगळ्या वाडीत दिवे आले. खाली तेवढं एक घर काळं. आबा पडवीत बसून तिकडं बघत पान खायचे.

ते भांडण व्हायच्या आधी काकीनं माझं माप घेतलं होतं. मुलगी बघायला जाताना घालायला मला शर्ट शिवायचा होता. राजापूरच्या बाजारातून काकाकरवी निळं पॉपलीन आणवलं होतं. तिच्याकडं हातानं फिरवायचं मशीन होतं, वाडीतल्या बायकांची पोलकी ती शिवायची. मला वाटलं, आता कसला शर्ट. बेडं बांधलेलं, बोलणं बंद. मुलगी बघायला जायचं दोन दिवसांवर आलं तेव्हा आईनं माझा जुना शर्ट धुऊन ठेवला.

त्या संध्याकाळी आबा आणि मी पडवीत बसलो होतो. दिवा लावलेला. गडग्यापलीकडं काहीतरी हललं. काकी पाट घेऊन आली, गडग्याला लागून, जिथपर्यंत आमचा उजेड पोचत होता बरोबर तिथं बसली, आणि मांडीवर काहीतरी निळं पसरून टाके घालायला लागली. खाली मान, नाकाजवळ कापड. दिवसभर तिला रानातलं काम, आणि चिमणीच्या उजेडात बारीक टाका तिला दिसायचा नाही. तिचे डोळे तेव्हापासूनच जायला लागले होते. दिव्याअभावी गेले असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही. मी म्हणतो.

आबांनी पान थुंकलं. "कोण बसलंय तिथं?"

"काकी," मी म्हणालो.

"आपल्या उजेडात?"

आबांनी पानाचा डबा बाजूला सारला.

"वश्या, बटन बंद कर."

आई दारात आली होती. तिचे हात पिठाचे. ती म्हणाली, "अहो, उजेड काय झिजतो काय?"

"मी त्याला सांगतोय," आबा म्हणाले. "तुला नाय."

मास्तरांचं ज्यानं ऐकलं नाही, माराला जो बधला नाही, तो मी उठलो. बटन भिंतीला होतं, काळं, गोल, चिमटीत धरून वर ढकलायचं. मी ते ढकललं. खट् झालं. अंधार झाला, आणि त्या अंधारातून काकीचा आवाज आला. रागाचा नाही, रडका नाही. राख सपाट करून 'काढ' म्हणायची, तसाच.

"वश्या, अरे एकच काज ऱ्हायलंय. तेवढं होऊ दे रे."

माझा हात बटनावरच होता. नुसतं खाली ओढायचं होतं. आबा माझ्याकडं बघत होते, अंधारातसुद्धा मला ते कळत होतं. मी ओढलं नाही. थोड्या वेळानं पाट उचलल्याचा आवाज आला, पावलं गेली, खालचं दार लागलं. मग आबा म्हणाले, "आता लाव."

सकाळी गडग्यावर वर्तमानपत्रात बांधलेला शर्ट होता. वारा येऊ नये म्हणून वर एक दगड ठेवलेला. सगळी बटनं लावलेली, सगळी काजं केलेली, शेवटचं एक सोडून. तिथं बटन होतं पण काज नव्हतं. शर्ट खोचला की ते दिसत नाही. तोच घालून मी मुलगी बघितली, तीच पुढं माझी बायको झाली. तिनं एकदा शर्ट धुताना बघितलं आणि म्हणाली, "आणा, काज करून देते." मी तिच्या अंगावर ओरडलो. तिला बिचारीला कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

काका आधी गेला. दुसरा खांब त्याच्या हयातीत मंजूर झाला नाही, काकीच्याही नाही. तिला शेवटी शेवटी माणूस आवाजावरूनच कळायचं. आबांच्या चोरून मी जायचो, पाणंदीनं. आबांच्या चोरून, असं लिहितो आहे, तेव्हा मी दोन मुलांचा बाप होतो. ती म्हणायची, "वश्या, वाडीत दिवे लागले काय रे?" मी म्हणायचो, लागले. "छान दिसत असेल," म्हणायची. मी तिची माफी मागितली नाही. दर वेळी मागायची असं ठरवून जायचो आणि पिठी भुरकून परत यायचो. ती गेली तेव्हा आबा खाली आले, नुसते उभे राहिले. तेराव्याचं जेवण झालं, हात धुताना मला म्हणाले, "आता तिकडं तार ओढून घ्यायला हरकत नाय. जागा आपलीच आहे." मागंपुढं वारस कुणी नव्हता. ज्या घराला आम्ही उजेड जाऊ दिला नाही, ते घर आमचंच झालं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला या वहीपाशी चार दिवस बसावं लागलं. एवढं सगळं झाल्यावर, एवढं सगळं मला ठाऊक असताना, मी माझ्या मुलांना ही गोष्ट कशी सांगितली? बढाई म्हणून सांगितली. त्याच पडवीत, त्याच बल्बखाली, महेश आणि संतोष माझ्या मांडीवर, आणि मी सांगायचो की तुमच्या बापानं एका कागदावर सरकारची वीज थांबवली होती. दुसरीतून शाळा सोडलेल्या माणसानं! पोरं टाळ्या पिटायची. धाकटा तर "परत सांगा, परत सांगा" करायचा. ह मी कुणाकडून शिकलो ते सांगितलं नाही. काजाचं सांगितलं नाही. गोष्टीतून काकी मी काढूनच टाकली होती.

आज महेश वरच्या घरात असतो, आंब्याची कलमं तो बघतो. संतोष मुंबईची नोकरी संपवून आला आणि त्यानं काकीच्या जोत्यावर बंगला बांधला. स्लॅबचा, टाइल्सचा, आत पाणी तापवायचं यंत्र, भिंतीएवढा टीव्ही. आता वाडीत भाकरी गॅसवर होते, आंबा पेटीत बसायच्या आधी त्याचा फोटो दुबईला पोचतो. बरं आहे सगळं. मी काही नवीन गोष्टींना नावं ठेवणारा म्हातारा नाही, माझ्या आईनं धुरात डोळे घालवले, मला गॅसची किंमत माहीत आहे. पण संतोषनं वास्तुशांतीचं बोलावणं सगळ्यांना धाडलं तसंच महेशलाही मोबाईलवर धाडलं. गणपतीचं चित्र, खाली घंटा हलते. महेशची बायको मनीषा म्हणाली, "तीस पावलं चालून येऊन अक्षत द्यायला दिराचे पाय मोडले काय?" महेश म्हणाला, "थोरला आहे मी. गावाला जे बोलावणं तेच मला?" झालं. मला पाखाडीतून ढोल वळल्यासारखा ऐकू आला.

काकीच्या रिकाम्या घराला तार कधी ओढलीच नव्हती, आता बंगल्याला ती यायची होती त्याच खांबावरून. त्याच खळ्यावरून. आणि जमीन अजून माझ्या नावावर. महेश एक छापलेला कागद घेऊन माझ्यापुढं बसला. सोबत शाईचा डबा.

"बाबा, इथं अंगठा द्या."

"अंगठा कशाला? मला सही येते."

"येते हो. पण हात हलतो तुमचा. बँकेतनं दोनदा परत पाठवलानी. अंगठा पक्का."

मी चष्मा लावून वाचलं. हरकत आहे, असं लिहिलं होतं. यंत्राचा ह, एकही वाकडा नाही. मी म्हटलं, "महेश, जाऊ दे रे तार. भाऊ आहे तो."

महेश हसला. वाईट हसला नाही, आश्चर्यानं हसला. "बाबा, तुम्ही सांगताय हे? एका कागदावर वीज थांबवली कोणी? लहानपणी आम्हांला कोण सांगायचं?"

शाईचा डबा मी बाजूला सारला, वहीचं पान फाडलं, आणि माझ्या हातानं लिहिलं की खळ्यावरून तार न्यायला माझी हरकत नाही. तीन पानं फुकट गेली. हात हलत होता. ह परत वाकून पाणी पिणारा बैल झाला. खाली सही केली. महेश उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो, ताट मनीषा आणून ठेवते.

तो कागद घेऊन मी स्वतः बेड्यातून खाली गेलो. वाटलं होतं, संतोष वाचेल, गप्प होईल, कदाचित वर जाऊन भावाला हाक मारेल. त्यानं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "आता कशी जिरली त्याची!" म्हणाला आणि हसला. आबांचं हसणं. आबा गेले तेव्हा हा पाळण्यात होता, त्यानं ते हसणं ऐकलं कुठं?

तार गेली. आठ दिवसांत संतोषनं गच्चीवर एक पांढरा लाइट लावला, तोंड वरच्या घराकडं. आमच्या पडवीत सुई पडली तर दिसेल असा. महेशनं मधे निळी ताडपत्री बांधली. वारा सुटला की ती रात्रंदिवस फडफडते आणि दोन्ही घरांत कुणाला झोप नाही, पण काढणार कोण?

परवाची गोष्ट. मी पेटीतून तो निळा शर्ट काढला. आता तो माझ्या अंगाला यायचा नाही, मी तेवढा उरलो नाही. मनात आलं, ते एक काज आपणच करू. ब्लेडनं चीर पाडली. सुई ओवायला मनीषाला सांगितलं नाही, स्वतः ओवली, किती वेळ गेला देव जाणे. तिन्हीसांज झाली होती. ताडपत्रीच्या खाली, गडग्याला लागून, संतोषच्या लाइटचा एक पट्टा जमिनीवर पडतो. मी पाट नेला आणि तिथं बसलो. नाकाजवळ कापड धरून चार टाके घातले. वाकडे आले, पण आले.

गच्चीवरून संतोषचा आवाज आला. बायकोला सांगत होता, "तिकडं गडग्याशी कोणतरी बसलंय बघ. आमचा लाइट नको म्हणून ताडपत्री बांधायची आणि खालनं फुकटचा उजेड घ्यायचा! बंद कर गो तो."

लाइट गेला.

त्याला वाटलं असेल महेशकडचं कुणी आहे. मी नुसती हाक मारली असती, "संतोष, मी आहे रे," तर तो धावत खाली आला असता, लाइट लावला असता, कदाचित शरमला असता. तोंड उघडलंसुद्धा होतं मी. पण मी कोणाचा मुलगा आहे? मी हाक मारली नाही. सुई कापडात टोचून ठेवली आणि तसाच अंधारात बसून राहिलो, वर ताडपत्री फडफडत होती.

काकीनं निदान हाक मारली होती.